कटिशूल आणि पूरक उपचारपद्धती : श्रीगोंदा परिसर

कटिशूल आणि पूरक उपचारपद्धती : बरगड्यांच्या खालची कड ते नितंबाची घडी यांदरम्यान पाठीत होणाऱ्या वेदनेस कटिशूल किंवा कंबरदुखी म्हणतात. ही वेदना नितंबावरून मांडीच्या मागील बाजूने पोटरीपर्यंत वा पावलापर्यंत उतरल्यास तिला गृध्रसी अशी संज्ञा आहे. कटिशूल हा स्वतंत्र रोग नसून एक लक्षण आहे. बहुसंख्य रुग्णांत त्याचे एखादे निश्चित शारीरिक कारण दाखविता येत नाही व बहुतेकांची तीव्र वेदना काही आठवड्यांत आपोआप कमी होते. जागतिक अंदाजानुसार २०२० मध्ये सु. ६१·९ कोटी लोकांना हा त्रास होता आणि जगात माणसाला अकार्यक्षम करणाऱ्या विकारांत त्याचा क्रम सर्वांत वरचा आहे. रोगाचे नेमके कारण सापडत नाही आणि वेदना तर खरी असते. त्यामुळे या दुखण्यावर जितक्या उपचारपद्धती निघाल्या, तितक्या क्वचितच दुसऱ्या दुखण्यावर निघाल्या असतील.

या उपचारांचा इतिहास पाहण्यास अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीगोंदा तालुका सोयीचा आहे. तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून भीमा नदी वाहते व पलीकडे दौंड हे लोहमार्गाचे मोठे स्थानक आहे. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाल्यापासून येथील रुग्णास उत्तरेस अहमदनगर व दक्षिणेस दौंडवरून उरुळी कांचन आणि पुणे ही ठिकाणे जवळची झाली. विसाव्या शतकात आयुर्वेदाचे पुनरुज्जीवन, निसर्गोपचार आणि योगचिकित्सा यांची महाराष्ट्रातील प्रमुख केंद्रे याच टापूत निघाली. दुसरीकडे घोड व कुकडी यांच्या कालव्यांमुळे तालुक्यात ऊस वाढला, साखर कारखाने आले आणि पाठीवर सर्वाधिक ताण आणणाऱ्या कामांपैकी एक, म्हणजे ऊसतोडणी, दरवर्षीचे झाले. उपचार आणि दुखणे अशी शेजारी-शेजारी असतानाही त्यांची गाठ क्वचितच पडली.

लोकवैद्यक : अवजड वस्तू उचलताना अथवा खाली वाकताना पाठीत एकाएकी कळ येऊन अंग आखडले, तर ग्रामीण भाषेत ‘उसण भरली’, ‘चमक निघाली’ किंवा ‘लचक भरली’ असे म्हणतात. हे शब्दच निदान सांगतात व उपायही त्यांनुसार ठरतात. निरगुडीचा पाला उकळून त्याचा वाफारा घेणे, एरंडाचे पान तेल लावून तापवून बांधणे, विटेचा किंवा वाळूच्या पुरचुंडीचा शेक घेणे हे घरगुती उपाय सर्वत्र होते व आजही आहेत. पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या व्यक्तीने दुखऱ्या जागेवर पाय फिरविला किंवा हलकी लाथ मारली, तर उसण जाते, ही समजूत महाराष्ट्रभर आढळते. गावातील पायाळू माणसाच्या दारी सकाळी कंबर धरून उभे राहिलेले लोक हे एकेकाळी नेहमीचे दृश्य होते. वैदू तुंबडी लावून रक्त ओढीत, कोणी जळवा लावीत आणि हाडवैद्य चोळून, ताणून ‘सरकलेले’ हाड बसवून देत असत.

यांपैकी उष्णतेचे उपाय स्नायूंची आखडण काही काळ सैल करतात. तीव्र उसण तर बहुधा आपोआपच ओसरते. त्यामुळे तिच्या ओसरण्याचे श्रेय त्या वेळी जो उपाय चालू असेल त्याला मिळते. पायाळूच्या लाथेची कीर्ती बहुतांशी याच नियमावर उभी असावी. सर्वच उपाय मात्र निरुपद्रवी नव्हते. दुखऱ्या जागेवर बिब्बा घातल्याने त्वचेवर फोड येऊन जखमा चिघळत आणि तापलेल्या लोखंडाने डागण्याचे व्रण जन्मभर राहत. सर्वांत घातक परिणाम मणक्याच्या क्षयात होई. या रोगाचे वर्णन इंग्रज शल्यविशारद पर्सिव्हल पॉट याने १७७९ मध्ये केले होते. क्षयाने पोखरलेला मणका चोळणे, ताणणे किंवा त्यावर लाथ मारणे याचा शेवट पाय लुळे पडण्यात होऊ शकतो आणि भारतात हा क्षय अजूनही दुर्मिळ झालेला नाही.

आयुर्वेद : चरकसंहितेतील वातविकारांच्या यादीत त्रिकग्रह, पृष्ठग्रह व गृध्रसी यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. गृध्रसीची वेदना नितंबापासून सुरू होऊन कंबर, पाठ, मांडी, गुडघा व पोटरी या क्रमाने पावलाकडे उतरते, असे वर्णन त्या ग्रंथाच्या चिकित्सास्थानात आले आहे. सुश्रुताने या विकारात पाय उचलण्यास अडथळा येतो, हे नेमके टिपले आहे. सरळ पाय वर उचलून करावयाची जी चाचणी आज प्रत्येक डॉक्टर करतो व जी लासेग या फ्रेंच वैद्याच्या नावाने ओळखली जाते, ती त्याच्या शिष्याने १८८१ मध्ये प्रसिद्ध केली. निरीक्षण एकच असले, तरी त्याचे स्पष्टीकरण दोन्हीकडे सर्वस्वी वेगळे आहे. प्राचीन वैद्यांस आकुंचित मज्जातंतूची कल्पना नव्हती, म्हणून दोहोंचे नाते याहून पुढे ताणणे योग्य नाही.

उपचारांत स्नेहन, स्वेदन व बस्ती यांना प्राधान्य असून गृध्रसीत सिरावेध आणि अग्निकर्म हेही सांगितले आहेत. लोकवैद्यकातील जळू, तुंबडी व डागणे ही या शास्त्रोक्त कर्मांची दूरची भावंडे म्हणता येतील. उडदाच्या पिठाचे कडे कंबरेवर बसवून त्यात कोमट औषधी तेल भरून ठेवण्याची कटिबस्ती आज सर्वाधिक लोकप्रिय आहे. या नावाचा विधी बृहत्त्रयीत आढळत नाही. शिरोबस्तीसारख्या जुन्या विधीच्या धर्तीवर तो पुढील काळात रूढ झाला.

अहमदनगर येथे वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ मध्ये आयुर्वेद महाविद्यालय स्थापन केले. तोपर्यंत या भागात वैद्यकी बहुधा वैद्यांच्या घरात वडिलांकडून मुलाकडे जात असे. महाविद्यालयामुळे तिला अभ्यासक्रम, परीक्षा व रुग्णालय मिळाले आणि तालुक्याच्या गावी दवाखाना थाटणारे पदवीधर वैद्य तयार होऊ लागले. श्रीगोंद्यासारख्या ठिकाणी लोक ‘वाताचे औषध’ घेण्यास या दवाखान्यांत जात. दशमूळ, रास्ना, एरंडेल व गुग्गुळ यांचे कल्प ही त्यांची नेहमीची सामग्री होय. याच नावाचा गैरफायदा घेऊन बाजारात पुढे वातावरच्या पुड्या व गोळ्या आल्या. त्यांपैकी काहींत स्टेरॉइडे मिसळलेली आढळली आहेत. अशी पुडी घेतल्यावर एका रात्रीत मिळणारा आराम हा तिच्या गुणाचा नव्हे, तर भेसळीचा पुरावा मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

निसर्गोपचार : पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचारगृह विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रसिद्ध होते. महात्मा गांधी तेथे वेळोवेळी राहिले. लायपझिगचा लुई कूने (१८३५–१९०१) याची कटिस्नाने व आडोल्फ युस्ट याचा मातीचा उपचार यांचा प्रयोग गांधींनी दक्षिण आफ्रिकेत असल्यापासून चालविला होता. १९४५ मध्ये पुण्यात अखिल भारतीय निसर्गोपचार न्यास स्थापन झाला व गांधी त्याचे अध्यक्ष झाले. पुण्यासारख्या शहरात गरिबांसाठी मोठी संस्था उभारण्याचा विचार मात्र त्यांनी लवकरच सोडून दिला. खेड्यातील गरीब माणूस उपचारासाठी शहरात येऊन राहू शकत नाही, तेव्हा उपचारानेच खेड्यात गेले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानुसार मार्च १९४६ मध्ये ते पुणे–सोलापूर लोहमार्गावरील उरुळी कांचन येथे सु. आठवडाभर राहिले, त्यांनी स्वतः रुग्ण तपासले आणि पुढचे काम मणिभाई देसाई (१९२०–९३) या तरुण सहकाऱ्यावर सोपविले. देसाई यांनी तेथेच आयुष्य वेचले. १९८२ मध्ये त्यांना मॅगसायसाय पुरस्कार मिळाला.

गांधींनी तेथे आखलेल्या उपचारात खर्चाला जागाच नव्हती. माती, पाणी, ऊन, साधा आहार व रामनाम एवढ्यावर तो उभा होता. कंबरदुखीवर मातीची पट्टी, वाफ, गरम पाण्याचे टबस्नान, मर्दन आणि वजन उतरविण्यासाठी आहारनियमन असे उपाय निसर्गोपचारात योजतात. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे : कूनेचे कटिस्नान हे नावावरून वाटते तसे कंबरदुखीचे औषध नव्हते. सर्व रोगांचे मूळ शरीरात साठलेल्या एकाच विजातीय द्रव्यात असते, अशी त्याची समजूत होती व ओटीपोटाच्या थंड स्नानाने ते द्रव्य बाहेर पडते, असे तो मानी. या उपपत्तीला आधुनिक शरीरक्रियाविज्ञानात आधार नाही. तरीही आश्रमात कंबरदुखीच्या रुग्णास उतार पडतो, हा अनुभव खोटा म्हणता येत नाही. ऊब, मर्दन, हलका व्यायाम, पुरेशी झोप, कामापासून सुटका आणि आपल्याकडे कोणीतरी लक्ष देत आहे ही जाणीव या सर्वांचा तो एकत्रित परिणाम असतो. समग्र उपचार या शब्दाला काही अर्थ असेल, तर तो इथे आहे.

अडचण निराळीच होती. हा उपचार आश्रमात काही दिवस राहून घ्यावा लागे. हातावर पोट असलेल्या माणसास औषध फुकट मिळाले, तरी दिवस फुकट मिळत नसे. उरुळी कांचनचा आश्रम पुढे दूरदूरच्या शहरांतून येणाऱ्या रुग्णांचे निवासी उपचारकेंद्र म्हणून नावारूपास आला. पुण्यात मेहता यांच्या जुन्या वास्तूत, बापू भवनात, केंद्र शासनाची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था १९८६ पासून काम करू लागली.

योगचिकित्सा : श्रीगोंद्यास योग हा शब्द नवा नव्हता. सतराव्या शतकातील संत शेख महंमद यांची समाधी येथे आहे व योगसंग्राम हा त्यांचा ग्रंथ मराठी संतवाङ्‌मयात प्रसिद्ध आहे. त्यातील योग म्हणजे साधकाचा अंतःशत्रूंशी चाललेला संग्राम होय. कंबर किंवा गुडघा बरा करण्याशी त्याचा संबंध नाही. आसनांचा उपचार म्हणून पद्धतशीर उपयोग ही विसाव्या शतकातील घटना आहे आणि तिच्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळे येथे कैवल्यधाम स्थापन केले व त्याच वर्षी योगमीमांसा हे त्रैमासिक काढले. आसने व प्राणायाम यांचे शरीरावरील परिणाम क्ष-किरण आणि दाबमापन यांच्या साहाय्याने तपासण्याचे श्रेय त्यांना जाते. (त्यांचे पूर्वाश्रमीचे आडनावही गुणेच. त्यामुळे त्यांची व नगरच्या गुणेशास्त्र्यांची गल्लत होण्याचा संभव आहे.) बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) १९३७ मध्ये पुण्यास आले व येथेच स्थायिक झाले. १९७५ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या संस्थेत भिंतीवरील दोर, पट्टे, खुर्च्या व लाकडी ठोकळे यांचा आधार देऊन अवघडलेल्या रुग्णाकडूनही आसने करवून घेण्याची पद्धती विकसित झाली. कंबरदुखीच्या रुग्णास ती विशेष मानवली.

पुढे परदेशांत या पद्धतीच्या नियंत्रित चाचण्या झाल्या. ब्रिटनमध्ये ३१३ प्रौढांवर झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत योगवर्ग करणाऱ्यांची हालचाल नेहमीच्या उपचारापेक्षा अधिक सुधारली. त्याच वर्षी अमेरिकेत २२८ रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. योग आणि साधे ताणाचे व्यायाम हे दोन्ही पुस्तक वाचून स्वतः उपचार करण्यापेक्षा सरस ठरले, पण त्या दोहोंत मात्र उल्लेखनीय फरक दिसला नाही. योगाच्या अभिमान्यांस हा निकाल रुचला नसला, तरी गरीब रुग्णाच्या दृष्टीने तो चांगलाच आहे. नियमित हालचाल गुणकारी असून तिचे नाव व साधने दुय्यम आहेत, असे त्यातून दिसते.

सूचिचिकित्सा : चीनमधील ही पद्धती भारतात आणण्याचे श्रेय डॉ. विजयकुमार बसू यांना दिले जाते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–४२) ज्या वैद्यकीय पथकातून १९३८ मध्ये चीनला गेले, त्याच पथकात बसू होते. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन त्यांनी ही विद्या शिकून घेतली. कटिशूलावरील तिची सर्वांत मोठी परीक्षा जर्मनीत झाली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ११६२ रुग्ण होते. नियमानुसार सुया टोचलेल्यांपैकी ४७·६ टक्के, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४·२ टक्के व रूढ उपचार घेणाऱ्यांपैकी २७·४ टक्के रुग्णांस गुण आला. सुयांच्या जागांविषयीचे शास्त्र त्यामुळे डळमळीत झाले. मात्र रूढ उपचाराची कामगिरी त्याहूनही निराशाजनक ठरली.

आधुनिक वैद्यक : १९३४ मध्ये अमेरिकेतील मिक्स्टर व बार यांनी मणक्यांमधील चकती सरकून मज्जातंतूमुळावर दाब येतो व त्यामुळे गृध्रसी होते, असे शस्त्रक्रियेने दाखवून दिले. पुढील अर्धशतक जवळजवळ प्रत्येक कंबरदुखीचा दोष चकतीवर टाकला गेला. कठीण फळीवर आठवडेच्या आठवडे पडून राहणे, वजने लावून ओढ देणे व पट्टा बांधणे हे उपचार याच काळात तालुक्यांच्या रुग्णालयांपर्यंत पोहोचले. १९८६ मध्ये अमेरिकेत दोन दिवसांची व सात दिवसांची शय्याविश्रांती यांची तुलना झाली. दोन दिवस पडून राहिलेल्यांचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले व गुण येण्यात फरक पडला नाही. १९९५ मध्ये हेलसिंकी येथील महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवरील चाचणीत, सोसेल तेवढे नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे रुग्ण अंथरुणाला खिळवून ठेवलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले. प्रतिमातंत्र सुधारल्यावर असेही दिसून आले, की कोणताही त्रास नसलेल्या विशीतल्या व्यक्तींपैकी ३७ टक्क्यांत व ऐंशीच्या घरातील ९६ टक्क्यांत चकतीची झीज असते. म्हणजे छायाचित्रात झीज दिसली, की तेच दुखण्याचे कारण ठरते असे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकालिक कटिशूलाविषयी आपली पहिली मार्गदर्शक तत्त्वे डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत रुग्णशिक्षण, व्यायाम, मर्दन, मणक्यांचे हस्तोपचार, सूचिचिकित्सा व मानसोपचार यांचा पुरस्कार केला आहे. पट्टे, ओढ आणि अफूवर्गीय वेदनाशामके नेहमीच्या उपचारात वापरू नयेत, असे म्हटले आहे. पन्नास वर्षांपूर्वी जे ‘शास्त्रीय’ मानले जाई, त्यातील बरेचसे असे मागे पडले आणि ज्याला केवळ पूरक म्हणत, त्यातील काही पुढे आले. ताप, वजनातील घट, रात्री वाढणारी वेदना, पूर्वी झालेला कर्करोग वा क्षय, पायांतील बळ जाणे, जननेंद्रियाभोवती बधिरता किंवा मलमूत्रावरील ताबा सुटणे ही लक्षणे असल्यास मात्र पूरक उपचारात वेळ न दवडता तातडीने रुग्णालयात जाणे आवश्यक असते.

ऊसतोडणी आणि कटिशूल : श्रीगोंदा परिसरातील कारखान्यांच्या गळीत हंगामात बीड व जवळच्या दुष्काळी भागांतून मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांचे एकक ‘कोयता’, म्हणजे बहुधा एक जोडपे. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, त्यामुळे कंबरेत वाकूनच काम करावे लागते. पाचट काढून मोळी बांधावयाची, ती डोक्यावर घ्यावयाची आणि फळीवरून चढून ट्रकमध्ये अथवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकावयाची, हा क्रम पहाटेपासून चालतो. वाकलेल्या स्थितीत भार उचलताना कटिभागातील चकतीवरचा दाब फार वाढतो, हे १९६० नंतरच्या दशकात स्वीडनच्या नाखेमसन यांनी प्रत्यक्ष मोजून दाखविले. तोडणारे हे काम दिवसातून असंख्य वेळा करतात.

मजुरी टनावर असते आणि मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभरात फेडावयाची असते. आजारपणामुळे काम बुडाले, तर त्या दिवसाचा ‘खाडा’ धरून रक्कम वळती केली जाते. अशा माणसाला आश्रमातील आठ दिवस, कटिबस्तीची आठवडाभराची बैठक किंवा पुण्यातील योगवर्ग यांचा उपयोग नाही. तो गोळी घेतो, इंजेक्शन टोचून घेतो किंवा कंबर कापडाने आवळून पुन्हा फडात उतरतो. स्त्रियांच्या बाबतीत याचे विपरीत टोक गाठले गेले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण अस्वाभाविक असल्याच्या तक्रारींवरून राज्य शासनाने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. ओटीपोट व कंबर यांचे दुखणे आणि पाळीच्या दिवसांत बुडणारी मजुरी या दोन्हींवर शस्त्रक्रिया हा कायमचा उपाय म्हणून सांगितला जात असल्याचे त्या वेळी उजेडात आले. अवयव काढल्याने मोळीचे वजन कमी होत नाही, त्यामुळे अनेकींचे कंबरेचे दुखणे शस्त्रक्रियेनंतरही राहिले.

भार उचलण्याची रीत शिकविणे, मोळी लहान बांधणे, कामात ठरावीक वेळाने विसावा घेणे व आजारपणाची भरपगारी रजा हे उपाय कोणत्याही उपचारपद्धतीच्या ग्रंथात सापडत नाहीत. फडापुरते पाहिले, तर तेलापेक्षा व सुईपेक्षा त्यांचे मोल अधिक आहे. अलीकडे शासकीय अनुदानामुळे ऊसतोडणी यंत्रांची संख्या वाढत आहे. मोठ्या व सपाट रानांत ती चालतात. लहान तुकड्यांत, अरुंद सऱ्यांत व ओल्या जमिनीत तोडणी अजून कोयत्यानेच होते आणि मोळी डोक्यावरूनच ट्रॉलीपर्यंत जाते.